पोरांचं पुढे कसं होणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मुलांच्या भविष्याबद्दल तुम्हाला नेमकं कसलं टेन्शन येतं ते कळवा. पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की सगळं छापायचं म्हटलं तर जाहिरातींनाही जागा उरणार नाही, त्यामुळे त्यातले सहा प्रश्न निवडलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. उत्तरं माझी, म्हणजे पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं शिकवलेल्या एका बाईची आहेत, ब्रह्मवाक्य समजू नका, पटलं नाही तर भांडायला जरूर लिहा.

प्रश्न: ताई, मी पिंपरी-चिंचवडला राहतो, आयटीत टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या टीममधली माणसं कमी केली आणि कारण सांगितलं एआय. मुलगा नववीत आहे, त्याला कॉम्प्युटर आवडतो. पण मी ज्या फील्डमध्ये आहे तेच धोक्यात, तर त्याला कुठल्या फील्डला घालू? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कशाला डिमांड असेल? एका क्लासवाल्याने एआय आणि रोबोटिक्सचं तीन वर्षांचं पॅकेज सांगितलंय, लाखाच्या वर आहे, ईएमआयवर मिळतंय. घ्यावं का?

उत्तर: पॅकेज घेऊ नका, हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

कशाला डिमांड असेल हे मला माहीत नाही, त्या क्लासवाल्यालाही नाही. आपल्याकडचाच इतिहास बघा ना. एक काळ होता की डी.एड. केलं म्हणजे मास्तरची नोकरी पक्की, म्हणून गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली, लोकांनी डोनेशन देऊन पोरं घातली, आणि २०१२ च्या मे महिन्यात सरकारने शिक्षकभरतीच थांबवली, मग टीईटी ही शिक्षकांची पात्रता परीक्षा आली, मग भरतीसाठी सरकारचं पवित्र पोर्टल आलं, आणि तोवर कितीतरी डी.एड. झालेली पोरं दुकानात नाहीतर दुसऱ्याच कुठल्या कामाला लागली होती. त्याच सुमारास इंजिनीअरिंगची लाट. मेकॅनिकल, सिव्हिल म्हणजे राजा. काही वर्षांत त्याच ब्रँचच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, कॉलेजं बंद पडली आणि सगळी गर्दी कॉम्प्युटरकडे वळली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांना कोडिंग शिकवायच्या जाहिराती आठवतात? नाही शिकवलं तर पोरगं मागे पडणार, असा सूर होता. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, आणि आता साधा कोड मशीनच लिहून देतंय. ज्यांनी तेव्हा अंदाज बांधले ते काही मूर्ख नव्हते हो, त्यांना दिसत होतं त्यावरून त्यांनी ठरवलं. पण प्रत्येक वेळी घरातले सगळे पैसे आणि पोराची सगळी वर्षं एकाच अंदाजावर लावली, नुकसान झालं ते त्यामुळे.

म्हणून मी पालकांना सांगते की फील्ड ओळखायचा नाद सोडा, पोराला एकदा तरी रस्ता बदलता येईल एवढी सोय ठेवा. ही सोय दोन ठिकाणी लागते, पोराच्या अंगात आणि तुमच्या बँकेत.

अंगातलं म्हणजे काय, तर नववीतल्या मुलाचं गणित कच्चं राहू देऊ नका, कारण गणित सुटलं की पुढचे निम्मे रस्ते आपोआप बंद होतात. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत एक पान वाचून त्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे, हे ऐकायला फार साधं वाटतं पण माझ्याकडे डिप्लोमाला येणाऱ्या निम्म्या मुलांना जमायचं नाही. एआय त्याला वापरू द्या, बंदी घालून उपयोग नाही, फक्त आधी स्वतः लिहायचं किंवा सोडवायचं आणि मग मशीनला चुका काढायला सांगायच्या, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. आणि मशीनने सांगितलेलं खरं आहे का हे पुस्तकात बघायची सवय लावा, ते बिनधास्त थापा मारतं. कॉम्प्युटर आवडतो म्हणता तर एखादा जुना पीसी घेऊन द्या, उघडू दे, बिघडवू दे.

शिवाय घरातली खरी कामं द्या. लाइट बिल भरणं, बँकेत जाऊन केवायसीचं काय ते विचारून येणं, एकट्याने एसटीने मामाकडे जाऊन येणं. अनोळखी माणसाशी बोलून काम करून घेता येणं ही गोष्ट कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला हुशार पोरं तिथेच अडकतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता बँकेचं. तुमची स्वतःची नोकरी हलतेय असं तुम्हीच लिहिलंय, मग नवीन ईएमआय कशाला? आधी सहा महिन्यांचा घरखर्च, होम लोनच्या हप्त्यासकट, बाजूला पडू दे. तुम्ही नोकरी बदलताना घाबरून मिळेल ती ऑफर घेतली नाही, नीट बघून घेतली, संध्याकाळी बसून काहीतरी नवीन शिकलात, हे तो रोज बघणार आहे, आणि ते कुठल्याही रोबोटिक्स क्लासपेक्षा जास्त शिकवतं असं माझं मत आहे.

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. अबॅकस, फोनिक्स, बुद्धिबळ, स्केटिंग, कथ्थक, यातलं भविष्यासाठी सगळ्यात उपयोगी काय? सध्या तीन चालू आहेत. (ठाणे)

उत्तर: तिला विचारून एक ठेवा. उरलेल्या संध्याकाळी खाली खेळायला सोडा, तिथे भांडणं होतील, ती तिची तिला मिटवू दे.

प्रश्न: मॅडम, आम्ही परभणी जिल्ह्यातले. मुलाला अकरावी-बारावीला लातूरला ठेवलं होतं, क्लास आणि खोली धरून दोन वर्षांत साडेतीन-चार लाख गेले. मेडिकलच्या नीट परीक्षेला मार्क कमी पडले. एक ड्रॉप घेतला, मार्क वाढले पण गव्हर्मेंटला नंबर लागला नाही. आता पुन्हा रिपीट म्हणतोय. मिस्टर म्हणतात दोन एकर विकू आणि मॅनेजमेंट कोट्यातून करू, नाहीतर बाहेरच्या देशात पाठवू. मुलगा हल्ली जास्त बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेते. पोरगं बोलत नाही, झोपत नाही, याला अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो फोन करत नसेल तर तुम्ही करा आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते विचारा. आणि आजच्या आज त्याच्या कानावर घाला की डॉक्टर झालास नाही झालास तरी घर तुझंच आहे. हे त्याला माहीत असेल असं आईबापांना वाटतं, पण चार लाखांचा हिशोब रोज कानावर पडणाऱ्या पोराला ते माहीत नसतं.

आता नीट. २०२५ ला २२ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, गव्हर्मेंट आणि प्रायव्हेट धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे चांगला अभ्यास केलेली लाखो मुलं बाहेर राहणारच, जागाच नाहीत तर करणार काय. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही, शेतकऱ्याची आणि मास्तरची पोरं तिथून डॉक्टर झालीत, पण भिंतीवरच्या फ्लेक्सवर लागलेल्यांचेच फोटो असतात. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अट नाही, लोकांना ही सवलत वाटते, मला तो सापळा वाटतो, कारण थांब म्हणणारं कोणीच नसतं आणि पोरगं बावीसचं होतं तरी बारावीच पास.

तर थांबायचं कुठे हे घरात आधी ठरवा. दुसरा ड्रॉप घ्यायचाच असेल तर तो त्याने मागितला पाहिजे, बापाने नाही. मार्क खरंच कटऑफच्या जवळ आहेत का ते त्याच्या कॅटेगरीच्या मागच्या दोन वर्षांच्या लिस्टा काढून बघा, क्लासवाल्याला विचारू नका, त्याला सीट भरायची असते. मे महिन्यात नीट झाली की विषय संपला, काहीही लागो, असं कागदावर लिहा. आणि या वर्षात राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीबीचा (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) फॉर्म भराच, त्यावर बी.फार्म आणि बीएस्सी अ‍ॅग्री मिळतं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, आणि अभ्यास बराचसा तोच आहे. बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपीचे राऊंड नीटच्याच मार्कांवर होतात, ते 'आपल्याला नकोच' म्हणून फॉर्ममधून वगळू नका. घ्यायचं की नाही ते नंबर लागल्यावर ठरवता येतं.

दोन एकर मात्र विकू नका. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर सगळे पीजी पीजी करतात, मग त्या वेळी काय विकणार? बाहेरच्या देशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपली हजारो मेडिकलची पोरं जीव मुठीत धरून परत आली, त्यांच्या आईबापांनी पण जमिनीच विकल्या होत्या कित्येकांनी. शिवाय तिकडून शिकून आल्यावर इथे डॉक्टरकी करायला एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते आणि त्यात नापास होणारेच जास्त असतात. एजंट हे सांगतो, पण अ‍ॅडमिशन झाल्यावर. जमीन राहिली तर पोराला उद्या बी.फार्म करून औषधांचं दुकान टाकायचं असो की आणखी काही, त्याच्या हाताशी काहीतरी असेल.

प्रश्न: नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी, पाच एकर, कापूस-सोयाबीन. मुलाला दहावीला ६२ टक्के पडले, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो म्हणते. भाऊबंद म्हणतात सायन्सला टाका, आयटीआय म्हणजे मजुरी. मोठी मुलगी बारावीला हुशार हाय, तिला इंजिनीअरिंग करायचं हाय. दोघांचं झेपत नाही. आधी कोणाचं करावं?

उत्तर: दोघांचंही होईल असं वाटतंय भाऊ, जरा कागद काढा.

मुलीचं आधी सांगते कारण हे अजून खूप जणांना माहीतच नाही. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट एकच महत्त्वाची, अ‍ॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, झालं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की सवलत गेली. एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आहेतच. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, ही कागदं आत्ताच तहसीलला टाका, जात पडताळणीचा अर्ज जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे, जून-जुलैला तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर त्याच आठवड्यात डाऊन असतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च राहील, तेवढाच धरा.

आता मुलाचं. भाऊबंदांना बोलू द्या. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, महावितरण, एसटी, रेल्वे सगळीकडे आयटीआयची मुलं घेतात आणि स्टायपेंड मिळतो. ती जाहिरात चुकवायची नाही, कारण अ‍ॅप्रेंटिस झालेल्या पोराला पुढे किंमत वेगळी असते. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना चालू आहे, देशातली एक कोटी घरं धरलीत, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी, तर छतावर पॅनल बसवायला, नंतर दुरुस्त करायला माणसं लागणार आणि ते काम मोबाइलवरून होत नाही. आणि मजुरी म्हणणाऱ्यांना सांगा की दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझ्या वर्गात अशी मुलं असायची, थिअरीला अडखळायची पण लॅबमध्ये बाकीचे त्यांच्याकडेच यायचे विचारायला. ६२ टक्क्यांवर जबरदस्तीने सायन्सला टाकला आणि बारावीला गचकला तर मग त्याच्या हातात काय?

फक्त एक गोष्ट. आयटीआय बघून घ्या. सरकारी मिळालं तर उत्तम, खाजगी असेल तर वर्कशॉप प्रत्यक्ष जाऊन बघा, मशिनींवर धूळ आहे का ऑइल, लगेच कळतं.

प्रश्न: मी लालबागला राहतो, वय ७४. गिरणीत होतो, संपात नोकरी गेली. आता मुलाच्या नोकरीचं काही खरं दिसत नाही, घरात रात्री कुजबुज चालते. नातू तेरा वर्षांचा, मला विचारतो आजोबा काय झालंय. सूनबाई म्हणते पोराला काही सांगू नका. सांगावं का नाही?

उत्तर: काका, तुमच्या नातवाला कळलंय, फक्त किती ते कळलं नाहीये, आणि म्हणून तो खरं आहे त्यापेक्षा मोठं काहीतरी मनात धरून बसला असेल.

पण सांगायचं तुमच्या मुलाने आणि सुनेने, तुम्ही नाही. सूनबाईंना डावलून सांगितलंत तर एकाचे दोन प्रश्न होतील. त्यांना म्हणा की तेराव्या वर्षी एवढं पुरेल: बाबांच्या ऑफिसात गडबड आहे, नोकरी गेली तर आपल्याकडे इतक्या महिन्यांचे पैसे आहेत, तुझी शाळा चालू राहणार, बाहेरचं खाणं आणि नवा मोबाइल थांबणार. आकडा सांगितला की पोरं शांत होतात. आणि त्याच्या वाट्याला एखादी बचत द्या, घरचा किराणा त्याला लिहू दे.

तुमचं काम वेगळं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही, हे त्याला कुठेही वाचायला मिळेल. पण तुमच्या चाळीत पहिला पगार बुडाल्यावर काय झालं, कोण गावी कोकणात परत गेलं, कोणाच्या आईने खानावळीचे डबे सुरू केले, कोणी भाजीची गाडी लावली, कोण दारूत गेलं, ते फक्त तुम्हीच सांगू शकता. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, त्यामुळे संपाच्या आधीपासूनच कित्येक बायकांच्या हातात थोडा पैसा होता, कर्ज मिळायची सोय होती, हे त्याला मुद्दाम सांगा. दारूत गेलेल्यांचंही सांगा, गाळू नका. आणि तुम्हाला स्वतःला काय जमलं नाही तेही.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची. दोन वर्षांपूर्वी मिस्टर अचानक गेले. मुलगी सात वर्षांची आहे. मी एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते, पीएफ कापला जातो. लोक मुलीला काय काय शिकवावं ते सांगतात, पण मला रात्री एकच विचार येतो, माझं काही झालं तर तिचं काय? सासरचे चांगले आहेत पण मला ती माझ्या बहिणीकडे राहावी असं वाटतं.

उत्तर: तुमच्या भीतीवर धीराचे शब्द देण्यापेक्षा कामं सांगते, चालेल ना.

पहिलं मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, साक्षीदार म्हणून ज्यांना काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण तुमच्या बाबतीत मी म्हणेन कराच, पुढे वाद नको. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात आईला मृत्युपत्रातून मुलीसाठी पालक नेमता येतो, तर बहिणीचं नाव त्यात स्पष्ट लिहा. त्याआधी बहीण आणि तिचा नवरा, दोघांना समोर बसवून विचारा. सासरच्यांनाही सांगा, सुट्टीत मुलगी त्यांच्याकडे येत राहील हेही सांगा. वकील एकदा दाखवून घ्या, तेवढे पैसे वाचवू नका.

दुसरं, टर्म इन्शुरन्स. पैसे परत मिळणारं, शंभर वर्षांपर्यंतचं असलं काही नको, साधं, ती पंचवीस-सव्वीसची होईपर्यंतचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. मुलगी अज्ञान असल्यामुळे नॉमिनी तिला केलंत तर पैसे घेणारी व्यक्ती म्हणून बहिणीचं नाव तिथे लिहावं लागेल. आणि लक्षात घ्या, बँकेच्या खात्याला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँक फक्त त्याच्या हातात पैसे देते, खरा हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो.

तिसरं, सुकन्या समृद्धी. मुलगी दहाच्या आत आहे म्हणजे खातं उघडता येईल, वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मॅच्युअर, सध्याचा दर ८.२ टक्के. पण सगळी बचत त्यात कोंबू नका, कारण अठराच्या आधी ते पैसे सहसा हाताला लागत नाहीत आणि शिक्षणासाठी तेव्हाही निम्मेच काढता येतात. थोडे बँकेत मोकळे असू देत.

मुलीला यातलं फक्त एवढं सांगा की मावशीचा नंबर पाठ कर. बाकी तिला पोहायला शिकवा, चहा करायला शिकवा, सात वर्षांची आहे ती.

आणि पीएफ. कर्मचारी नोकरीत असताना गेला तर पीएफला जोडलेल्या ईडीएलआय योजनेतून घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळतो, हे तुमच्या ऑफिसात कोणी सांगितलं नसेल. ईपीएफओच्या साइटवर लॉगिन करून ई-नॉमिनेशन उघडा. तुम्ही दोन वर्षांत ते पान उघडलं नसेल तर तिथे अजून मिस्टरांचंच नाव असेल, ते या आठवड्यात बदला.